कोणती संख्या किती वेळा?
(केंद्रातील शिक्षण परिषदेपुढील भाषण)



प्राथमिक शिक्षकाच्या दिनक्रमात मोजणीचे काम कधी चुकत नाही. हजेरी मोजावयाची, शिधा मोजावयाचा, गुण मोजावयाचे. तथापि या मोजणीत दोन निरनिराळे प्रश्न असतात. ‘एकूण किती?’ हा पहिला आणि ‘कोणते किती वेळा?’ हा दुसरा. पहिल्याची सर्वांना सवय आहे. दुसरा मात्र पुष्कळदा विचारावयाचाच राहून जातो. तो न विचारल्याने काय हानी होते आणि संगणकाच्या आज्ञावलीत तो किती सोप्या रीतीने सोडविता येतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात आज्ञालेखनाची ओळख करून देण्यास सांगितले आहे. त्या ओळखीचा पाया मात्र त्याआधीच्या इयत्तांतच घालावयास हवा.

प्रथम हानीचा विचार करू. समजा, चौथीच्या दोन तुकड्यांत प्रत्येकी २४ मुले आहेत आणि पाढ्यांची १० गुणांची तोंडी परीक्षा झाली आहे. दोन्ही तुकड्यांच्या गुणांची बेरीज १२०, म्हणजे सरासरी ५. अहवालात दोन्ही तुकड्या सारख्याच दिसतील. आता कोणते गुण किती मुलांना मिळाले ते पाहू. पहिल्या तुकडीत ६ मुलांना ४, १२ मुलांना ५ आणि ६ मुलांना ६ गुण आहेत. दुसऱ्या तुकडीत ६ मुलांना १, ६ मुलांना २, ६ मुलांना ८ आणि ६ मुलांना ९ गुण आहेत. दुसऱ्या तुकडीत ५ गुण मिळविणारे मूल एकही नाही! तेथे अर्धा वर्ग पाढे जाणतो आणि अर्ध्या वर्गाला ते मुळीच येत नाहीत. सरासरीने ती १२ मुले झाकून टाकली. पहिल्या तुकडीला सर्वांसाठी थोडी उजळणी पुरेल. दुसरीतील १२ मुलांना वेगळे बसवून प्रारंभापासून शिकवावे लागेल. वारंवारतेची सारणी मांडली नसती, तर हा भेद ध्यानात आलाच नसता.

ही सारणी शिक्षक कशी करतो? फळ्यावर ० ते १० हे आकडे लिहितो, गुणांची यादी वाचत जातो आणि ज्या आकड्याचे नाव निघेल त्याच्यापुढे ताळ्याची एक खूण करतो. संगणकातील ‘अ‍ॅरे’ म्हणजे याच मांडणीचे दुसरे रूप होय. अ‍ॅरे म्हणजे एका नावाखाली ओळीने मांडलेले खण. प्रत्येक खणाला क्रमांक असतो आणि सी, जावा, पायथन यांसारख्या भाषांत हे क्रमांक शून्यापासून सुरू होतात.

नवशिक्या विद्यार्थ्याला हा प्रश्न दिला म्हणजे तो बहुधा लांबचा मार्ग धरतो. शून्य किती वेळा आले हे पाहण्यासाठी तो सारी यादी वाचतो; मग एकासाठी पुन्हा, दोनासाठी पुन्हा. अशा ११ फेऱ्यांत २४ गुण वाचावयाचे म्हणजे २६४ वेळा तुलना करणे आले. याउलट खणांची रीत पाहा. ११ खण घ्यावयाचे व प्रत्येकात शून्य ठेवावयाचे. एकेक गुण वाचावयाचा आणि त्या क्रमांकाच्या खणात एक मिळवावयाचा. २४ गुण वाचले की काम संपले. येथे आलेली संख्या कोणाशी ताडून पाहावी लागत नाही, कारण तीच आपल्या खणाचा पत्ता होते. मुलांना समजावयाचे ते एवढेच आहे. बाकीचा भाग लेखनाच्या नियमांचा आहे.

या रीतीत तीन चुका वारंवार होतात. पहिली, खणांत प्रारंभी शून्य ठेवावयास विसरणे. सी भाषेत फलनाच्या आत घेतलेल्या अशा अ‍ॅरेत आधीचे कोणतेही निरर्थक आकडे असू शकतात आणि मोजणी त्यांच्यापुढे सुरू होते. न पुसलेल्या फळ्यावर खुणा करण्यासारखाच हा प्रकार आहे. दुसरी, खण १० च घेणे. गुण ० ते १० असतील तर खण ११ लागतात. नाही तर पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्या मुलालाच जागा उरत नाही. तिसरी, आलेली संख्या न तपासणे. ५ ऐवजी चुकून ५५ टंकले गेले तर पायथन चूक दाखवून थांबते. सी मात्र मुकाट्याने भलत्याच जागी लिहू शकते. उणे १ आले तर पायथनही फसते, कारण तो क्रमांक शेवटच्या खणाचा समजला जातो आणि कोणास न मिळालेले १० गुण मोजले जातात. म्हणून संख्या ० ते १० मध्ये आहे की नाही हे आधी पाहावे, नसेल तर ती पुन्हा मागावी.

या रीतीलाही मर्यादा आहे. पिनकोड किती वेळा आले हे मोजण्यासाठी सहा अंकी क्रमांकांचे लाखो खण घेतले, तर बहुतेक रिकामेच राहतील. तेथे आलेल्या क्रमांकापुरताच खण उघडणारी ‘डिक्शनरी’ ही मांडणी वापरतात. गुण, वय, इयत्ता, महिना अशा थोड्या व ठरलेल्या संख्यांसाठी मात्र साधे खणच उत्तम.

खणाखणांतून मोजण्याची ही कल्पना आजच्या संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील १८८० च्या जनगणनेची आकडेमोड पुरी व्हावयास सात वर्षांहून अधिक काळ लागला. त्यावर उपाय म्हणून हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या जनगणनेसाठी यंत्र तयार केले. प्रत्येक माणसाच्या माहितीचे एक छिद्रित कार्ड असे. ज्या ठिकाणी छिद्र असे तेथून सुई खालच्या पाऱ्यात उतरे, वीजप्रवाह पुरा होई आणि त्या माहितीच्या तबकडीचा काटा एका घराने पुढे सरके. तबकडी म्हणजे खण आणि काट्याची चाल म्हणजे ‘एक मिळवा’ ही आज्ञा. पुढे १९५४ साली हॅरल्ड सेवर्ड यांनी याच मोजणीच्या आधारे संख्या क्रमाने लावण्याची रीत मांडली.

शाळेत संगणक नसला तरी हा पाठ अडत नाही. ११ रिकाम्या काड्यापेट्या घ्याव्यात व त्यांवर ० ते १० हे आकडे चिकटवावेत. पेट्या उघडून त्या रिकाम्या असल्याची खात्री मुलांकडूनच करून घ्यावी. मग एका मुलाने चिठ्ठी वाचावी व दुसऱ्याने त्या आकड्याच्या पेटीत एक चिंचोका टाकावा. एखाद्या चिठ्ठीवर मुद्दाम १२ लिहून ठेवावे. ‘गुरुजी, याची पेटीच नाही!’ असे मुले ओरडली की संख्या का तपासावयाची हे निराळे सांगावे लागत नाही. शेवटी सर्व पेट्यांतील चिंचोके एकत्र मोजून ते चिठ्ठ्यांइतके भरतात की नाही हे पाहावे. बाराची चिठ्ठी मात्र त्यांतून वगळावी. आज्ञावलीचा पडताळाही असाच घ्यावयाचा असतो.

पुढे हीच मुले संगणकापुढे बसतील तेव्हा अ‍ॅरे हा शब्द त्यांना नवा असेल, पण वस्तू ओळखीची असेल. आणि शिक्षकाने येत्या चाचणीचे गुण सरासरी काढण्यापूर्वी अशा खणांत एकदा मांडून पाहिले, तर १ आणि २ च्या खणांत किती मुले बसली आहेत हे त्याला त्याच दिवशी कळेल. त्या मुलांपर्यंत वेळेवर पोहोचणे हाच या मोजणीचा खरा उपयोग आहे.