हिशेबाची वही ही आपली पाठराखीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी संतांवर बोलते, कोणी आहारावर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. मला मात्र चिटणीसबाईंनी बजावले, "तुम्ही खजिनदार, तुम्ही हिशेबावरच बोला." हिशेबाचे नाव काढले की बायकांना घरची कामे आठवतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा थोडक्यात सांगते. मी सातवीपर्यंत शिकलेली. कायद्याची पुस्तके मी वाचलेली नाहीत. आपल्या हिशेबतपासनिसांनी वेळोवेळी समजावले आणि वही लिहिता लिहिता जे उमगले, तेवढेच सांगणार आहे.

पहिली गोष्ट, मंडळाचा पैसा कोणाचा? घरात आपण डाळीच्या डब्यात चार पैसे बाजूला टाकतो. ते कधी काढले, कशाला काढले, हे कोणाला सांगायचे बंधन नसते. मंडळाचा डबा तसा नाही. तो माझा नाही, अध्यक्षीणबाईंचा नाही, सगळ्या सभासदांचा मिळूनही नाही. ज्या कामासाठी तो पैसा दिला गेला, त्या कामाचा तो आहे. आपले मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले आहे. असे लोकोपयोगी कामाचे मंडळ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही येते. या कायद्याला पूर्वी मुंबईचे नाव होते, आता महाराष्ट्राचे आहे. त्याची अंमलबजावणी धर्मादाय आयुक्त पाहतात. कायद्याच्या लेखी आपली कार्यकारिणी म्हणजे विश्वस्त. विश्वस्त म्हणजे जिच्यावर विश्वास टाकला ती. आता तिने त्या विश्वासाची पावती द्यायला नको का?

पुष्कळ भगिनी म्हणतात, "आपण सगळ्या घरच्याच. एकमेकींकडे पावती मागायची म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखे होते." हे बोलणे प्रेमाचे आहे, पण त्याने काय होते ते मी जवळून पाहिले आहे. माझ्या माहेरच्या गावी एक मंडळ होते. नाव सांगत नाही. तिथल्या एका बाईंनी वीस वर्षे बालवाडी चालवली. पदरचे घातले असतील, पण मंडळाची पै घेतली नसेल. एके वर्षी नवी कार्यकारिणी आली आणि कोणीतरी विचारले, "सहलीचे पैसे उरले होते, ते कुठे गेले?" ते पैसे बाईंनी मुलांच्या सतरंज्यांवर खर्च केले होते. सतरंज्या समोर अंथरलेल्या होत्या, पण दुकानाचे बिल नव्हते आणि वहीत ओळ नव्हती. त्या सांगत राहिल्या आणि लोक ऐकून घेत राहिले. ऐकून घेणे आणि खरे मानणे यांत फरक असतो. बाईंनी मंडळात पाऊल टाकायचे सोडले आणि पुढे बालवाडीही बंद झाली.

भगिनींनो, चोराला वही अडवते हे खरे, पण साव बाईला वही वाचवते हे त्याहून खरे. सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर पाठराखीण जाते, तशी ही वही आपल्या कामाबरोबर चालते. म्हणून मी पावती मागते, तेव्हा तुमच्यावर संशय घेत नाही. उद्या तुमच्यावर कोणी संशय घेऊ नये, म्हणून मागते.

आता रोजची रीत सांगते. पैसा आला की छापील, अनुक्रमांकाची पावती फाडायची. मूळ पावती देणाऱ्याला, स्थळप्रत आपल्याकडे. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही. तिच्यावर 'रद्द' लिहून ती पुस्तकातच ठेवायची, नाहीतर मधला क्रमांक कुठे गेला असा प्रश्न येतो. पैसा गेला की बिल हवे आणि व्हाउचरवर घेणाऱ्याची सही हवी. "बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर" असे म्हणतात ना, तसा हा कारभार आहे. त्याच दिवशी रोजकीर्दीत लिहायचे, मग खात्यावार खतावणीत. आजकाल वर्गणी मोबाइलवरून येते. ती मंडळाच्या बँकखात्यातच आली पाहिजे. "माझ्या नंबरवर टाका, मी नंतर भरते" असे कोणीही म्हणू नये, खजिनदारानेसुद्धा नाही. दोन डब्यांतली डाळ एकदा मिसळली की निवडून वेगळी होत नाही.

वर्षाअखेर ३१ मार्चला आपण हिशेब बंद करतो. मग सनदी लेखापालांकडून तपासणी होते. ती सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेर पुरी व्हावी लागते. ताळेबंद, उत्पन्न-खर्चाचे पत्रक आणि तपासणीचा अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे जातो. हल्ली तो ऑनलाइनही पाठवता येतो. तपासनीस नुसती बेरीज-वजाबाकी पाहतात, असे मला आधी वाटे. तसे नाही. त्यांनी कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची ते नियमांत लिहिलेले आहे. हातातली रोकड वहीशी जुळते का? व्हाउचर आहेत का? मंडळाच्या जंगम वस्तूंची यादी आहे का? म्हणजे आपल्या शिलाई यंत्रांपासून पातेल्यांपर्यंत सगळे आले. विश्वस्तांपैकी कोणी मंडळाचे देणे लागते का, की मंडळच कोणाचे देणे लागते? पैसे कायद्याने सांगितले तिथेच गुंतवले आहेत का? टपाल खात्याची बचत, शेड्यूल्ड बँक, मान्यता असलेली सहकारी बँक, सरकारी रोखे, अशी ती ठिकाणे आहेत. भिशीचे नाव त्यांत नाही, आणि ओळखीच्या माणसाच्या धंद्याचेही नाही.

यांतला एक प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. संस्थेचा पैसा संस्थेच्या उद्देशाबाहेर वापरला गेला का? यावरून यंदाची गोष्ट सांगते, कारण ती तुम्हा सर्वांच्या कानावर अर्धीमुर्धी गेली आहे.

आपल्याकडे मुलींच्या शिक्षणाचा निधी आहे. आपल्याच गल्लीतल्या एका आजींनी पेन्शनीतून साठवलेली रक्कम त्यासाठी दिली आणि लिहून दिले, की व्याजातून दरवर्षी गरजू मुलींची फी भरावी. आजी आता नाहीत. यंदा वर्धापनदिनाच्या जेवणाचा खर्च फुगला, तेव्हा सूचना आली की या निधीतून तात्पुरते काढू आणि पुढच्या वर्गणीतून भरू. मी नाही म्हटले. दोघीतिघींना वाईट वाटले, एकीने माझ्याशी चार दिवस अबोला धरला. पण मला सांगा, ज्या देणाऱ्या आता विचारायला येऊ शकत नाहीत, त्यांच्या वतीने कोण विचारणार? विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे. शिवाय ज्या मुलीची जूनमधली फी चुकेल, ती काही पुढच्या वर्गणीपर्यंत शाळेच्या दाराशी थांबणार नाही. म्हणून आज तुमच्यासमोर ताटाऐवजी चिवडा आणि पेढा आहे. अंथरूण पाहून पाय पसरले आहेत. चिवडा घरी केलेला आहे, तेव्हा चवीला कमी नाही!

दुसरे एक काम बायका नेहमी विसरतात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. निवडणूक होते, हार घातले जातात, फोटो निघतात आणि अर्ज राहून जातो. उशीर झाला तर कारण पटवून द्यावे लागते. वर्षानुवर्षे अर्जच गेला नाही, तर सरकारदरबारी जुन्याच बायका विश्वस्त राहतात, मग त्या देवाघरी गेलेल्या का असेनात. पुढे बँकेत सह्या बदलताना किंवा जागेचे काम काढताना मग धावाधाव होते.

जागेवरून आठवले. शिवणवर्गाची खोली विकावी किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यावी, असे अधूनमधून निघते. मंडळाची खोली आपण सभेत हात वर करून विकू शकत नाही. विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा, यांना धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमीन असती तर ही मुदत दहा वर्षांची.

काहींची मुले परदेशी आहेत, ती प्रेमाने पैसे पाठवू म्हणतात. मुलगा भारताचाच नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेच्या रीतसर मार्गाने पाठवत असेल, तर ते परकीय योगदान धरत नाहीत. तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय तो पैसा घेता येत नाही. आपली तशी नोंदणी नाही. तेव्हा नातवंडांना आधी विचारा, मग मला सांगा.

आता शेवटी दोन मागण्या. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो, तेव्हा आपण साड्यांविषयी बोलत असतो. यापुढे दोघींनी तरी उठून प्रश्न विचारावेत. मला राग येणार नाही, आनंद होईल. दुसरे असे, की तरुण सुनांपैकी दोघींनी दर शनिवारी तासभर माझ्याजवळ बसून ही वही शिकावी. वही एकाच बाईला लिहिता येत असेल, तर मंडळाचा सगळा भार त्या एका बाईच्या प्रकृतीवर राहतो. नावे आजच चिटणीसबाईंकडे द्या.

पेढा घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये.