मागे म्हणणाऱ्यांचा गळा



मुलांनो, तुमच्या सरांनी माझी ओळख 'गायक' अशी करून दिली. आमच्या भजनी मंडळात हे कुणी ऐकलं तर हसतील. मी मागे म्हणणारा माणूस. बुवा पुढे ओळ टाकतात, आम्ही ती उचलतो. एकट्याने गा म्हटलंत तर मला घाम फुटेल. पण चौघांत बसवा, रात्रभर उठणार नाही.

दिवाळीच्या आधी, आश्विन वद्यात, आमचं मंडळ आदिलाबादहून गाडी करून पैनगंगा ओलांडतं आणि पांढरकवडा, यवतमाळ करत अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात पोचतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हा आश्रम उभारला. ते स्वतः खंजेरी वाजवत भजन करायचे आणि म्हणायचं सगळ्यांनी मिळून, असा त्यांचा आग्रह. सामुदायिक प्रार्थना त्यांनी गावोगाव नेली ती त्याच आग्रहातून. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते गेले. त्यांच्या पुण्यतिथीला गावागावांची मंडळं तिथे जमतात. लोक यात्रा म्हणून जातात. मी जातो, खरं सांगायचं तर, दुसऱ्यांची भजनं ऐकायला. कुणाची खंजेरी इतकी चढी की शब्दांना धाप लागते, कुणी इतकं संथ की मध्येच डुलकी यावी. मग रात्री पंगत उठल्यावर खरी मजा. तुमची पट्टी कुठली, ही चाल कुणाकडून उचलली, पेटीचा भाता कुठे दुरुस्त करता? अनोळखी माणसं मध्यरात्रीपर्यंत यावरच बोलत बसतात. आमच्या मंडळाच्या निम्म्या चाली अशाच तिकडून आलेल्या आहेत, आणि आमच्याही कुठे कुठे गेल्या असतील.

तिथली एक गोष्ट सांगतो. महाराज गेले ती वेळ संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांची. त्या मिनिटाला एवढा मोठा जनसमुदाय मौन धरतो. खंजेऱ्या थांबतात, टाळ थांबतात. एकत्र सुरू होणं सोपं असतं हो, एकत्र थांबणं अवघड. तुमच्या प्रार्थनेच्या शेवटी बघा, कुणीतरी एक मागे रेंगाळतोच. तो आत्ता कोण हसतोय ते मला दिसतंय.

दुसरी गोष्ट श्वासाची. लांब ओळ एका श्वासात कुणालाच पुरत नाही. शेजारच्याने श्वास घेतला की मी ओळ धरून ठेवायची, माझा संपला की त्याने. ऐकणाऱ्याला ती अखंड वाटते. त्यासाठी कान सतत शेजाऱ्याकडे हवा, स्वतःच्या आवाजाकडे नव्हे. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गाताना सगळ्यांचे श्वास जुळले आणि त्याबरोबर ठोक्यांची गतीही एकदमच वाढू-उतरू लागली. आमच्या बुवांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय नवल?"

आणि असं मिळून गाण्यासाठी मोझरीला किंवा स्वीडनलाच जायला हवं असंही नाही. दिवाळीत आपल्या गोंड बांधवांची दंडारी निघते. मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी, ढोल, पेपरे, आणि एक अख्खं गाव दुसऱ्या गावाला पाहुणं म्हणून जातं. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचं यापेक्षा जुनं संमेलन मला तरी ठाऊक नाही. मार्लवाईच्या कनका राजूंना २०२१ मध्ये याच गुसाडी नृत्यासाठी पद्मश्री मिळाली. बतुकम्माच्या सणाला आपल्या आया-बहिणी तरवडाच्या, कुरडूच्या फुलांभोवती फेर धरतात. एकजण ओळ सांगते, बाकीच्या टाळी देऊन उचलतात. एकादशीच्या हरिपाठातही तेच. भाषा तीन, पण रीत बघा, एकच.

एकत्र गाणं काय करू शकतं, तेही सांगतो. युरोपात एस्टोनिया नावाचा देश आहे, सगळी लोकसंख्या जेमतेम तेरा-चौदा लाख. १८६९ पासून तिथे गाण्याचा मोठा उत्सव भरतो, हल्ली दर पाच वर्षांनी, आणि हजारो लोक एका मंचावर उभे राहून एकत्र गातात. सोव्हिएत राजवटीत १९८८ साली लोक मैदानात जमून रात्र रात्र आपली गाणी गात बसले. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. केवळ गाण्याने झाला असं मी म्हणणार नाही, पण त्या लढ्याला आजही गाणारी क्रांतीच म्हणतात.

आता एक तक्रार, पाहुण्याने करू नये अशी. आजच्या कार्यक्रमातले नाच सुंदर झाले. पण गाणं सगळं पेनड्राइव्हमधलं! पाय तुमचे, गळा मुंबईतल्या कुणाचा तरी. गायनाची स्पर्धा ठेवलीत, तीही एकेकट्याची. ज्याला बक्षीस मिळालं तो गाईलच. ज्यांना दुसऱ्या फेरीतच बसवलं त्यांचं काय? माझ्यासारखे तेच असतात, आणि प्रत्येक वर्गात तेच जास्त असतात.

म्हणून मुख्याध्यापकांना विचारून ठेवलंय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमचे पेटीवाले काका आणि मी येऊ. चाचणी नाही, निवड नाही, ज्याला यायचं त्याने यावं. मराठी, गोंडी, तेलुगू, बंजारा, घरात जे म्हणतात ते गाणं घेऊन यावं. माइक एकच ठेवू आणि तोही लांब, म्हणजे मोठ्या आवाजाच्या मुलांना इतरांच्या वर ओरडता येणार नाही. मोठ्यांच्या पट्टीत लहान मुलांचे गळे ताणतात, ही चूक शाळांमध्ये फार होते. तेव्हा पट्टी काळी चार धरायची की त्याहून वर, ते आम्ही ठरवणार नाही. जी सगळ्यात लहान मुलगी येईल तिला आधी गायला लावू आणि पेटी तिच्या सुराला लावू.

जय गुरु.