रायफलीची सुधारणा : किती आणि कशासाठीं

एखादें यंत्र हातीं आलें कीं त्यांत चार फेरफार करून तें अधिक गुणकारी करावें, अशी ओढ मनुष्यास स्वभावतःच असते. अमेरिकेंतील नेमबाजीच्या छंदांत या ओढीचें ठळक उदाहरण म्हणजे रुगर कंपनीची ‘१०/२२’ ही रायफल होय. विल्यम रुगर व अलेक्झांडर स्टर्म यांनीं १९४९ सालीं कनेक्टिकट राज्यांत कारखाना काढला आणि १९६४ सालीं त्या कारखान्यानें ही रायफल बाजारांत आणली. नांवांतील १० हा आंकडा मॅगेझिनमध्यें मावणाऱ्या काडतुसांचा आहे, आणि २२ हा आंकडा इंचाच्या शंभर भागांपैकीं बावीस भाग, या बोअरच्या मापाचा आहे.

तिचें काडतूस १८८७ सालापासून प्रचारांत आहे. त्याच्या बुडाच्या पोकळ कडेंत आघातानें पेट घेणारा मसाला असतो. म्हणून त्यास ‘रिमफायर’ म्हणतात. बार उडतांच दाबानें गोळी पुढें जाते, तर पुंगळी मागें रेटली जाऊन बोल्टासही मागें ढकलते. रिकामी पुंगळी बाहेर पडते, आणि स्प्रिंगच्या जोरानें परतणारा बोल्ट नवें काडतूस नळींत सारतो. प्रत्येक बारास चाप मात्र नव्यानें ओढावा लागतो. म्हणून ही रायफल अर्धस्वयंचलित.

हिच्या रचनेंत एक सोय आहे. नळी एका ठोकळ्यानें व दोन स्क्रूंनीं आवळलेली असते, आणि चापाचा सगळा जुडगा दोन आडव्या पिनांवर बसतो. साध्या हत्यारांनीं हे भाग सुटे होतात. यामुळेंच नळ्या, चाप, दस्ते, बोल्ट असे निरनिराळे भाग बनविणारे अनेक कारखाने उदयास आले. आयोवा राज्यांतील व्होल्कार्टसन हा त्यांतील एक प्रसिद्ध कारखाना.

परंतु खर्च करण्यापूर्वीं दोष कोठें आहे हें ओळखावयास हवें. रायफल टेकूवर स्थिर ठेवून ५० यार्डांवरील कागदावर पांच-पांच गोळ्या झाडाव्या आणि त्या किती जवळ पडतात तें मोजावें. हाच प्रयोग निरनिराळ्या बनावटीच्या काडतुसांनीं करावा. एकाच नळींतून एका जातीच्या गोळ्या दाट पडतात, तर दुसऱ्या जातीच्या विखुरतात. कित्येकदां सर्वांत स्वस्त सुधारणा ही काडतूस बदलण्याचीच ठरते.

त्यानंतर चापाचा विचार. रायफलीचें वजन सुमारें ५ पौंड, आणि मूळ चाप ओढण्यास लागणारा जोर बहुधा त्याहूनही अधिक. ओढतांना नळीचें टोंक हलतें व नेम चुकतो, यांत नवल नाहीं. सुमारें ३ पौंडांत सुटणारा तयार चाप बसविला म्हणजे नवशिक्यासही फरक कळतो. जाड नळीनेंही लाभ होतो, मात्र ०.९२० इंच जाडीची नळी मूळ दस्त्याच्या खांचेंत बसत नाहीं, म्हणून दस्ताही बदलावा लागतो. शिवाय काडतुसाचें घर फार तंग असेल, तर काडतूस अडकूं लागतें. बोल्ट मागें जाऊन ज्या पोलादी पिनेवर आदळतो, तिच्या जागीं कांहीं जण मऊ पिन घालतात. त्यानें खडखडाट कमी होतो. पण तोंवर गोळी नळी सोडून गेलेली असते, हें विसरूं नये.

खरा धोका कानशींत आहे. चाप हलका व्हावा म्हणून घोड्याची अडकण घरीं घासणें हा खेळ नव्हे. अडकण झिजली तर नुसत्या धक्क्यानें बार उडूं शकतो, आणि नळीपुढें कोण उभें आहे हें गोळी पाहत नाहीं. एका ओढीस दोन बार निघाले, तर ती सुधारणा नसून दोष होय. रायफल तत्काळ रिकामी करून जाणत्या कारागिराकडे न्यावी. कोणताही भाग बदलण्यापूर्वीं मॅगेझिन काढून नळी डोळ्यांनीं तपासावी, मागाहून प्रथम एकच काडतूस भरून पाहावें.

भारतांत तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानें परवान्याशिवाय बंदूक बाळगतां येत नाहीं, आणि कायद्याच्या व्याख्येंत शस्त्राचे सुटे भागही मोडतात. तरीही हेंच लहानसें काडतूस महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तें याच बोअरच्या रायफलीनें. त्या प्रकारांत मात्र एकेक काडतूस हातानें भरून झाडावें लागतें. चांगली नळी व हलका चाप त्यांतही लागतोच. परंतु श्वास आवरणें, दृष्टि स्थिर ठेवणें आणि घाई न करणें हे गुण कोणताही कारखाना विकत नाहीं. ते रोजच्या सरावानेंच अंगीं बाणतात.