भरवसा

कोल्हापूरच्या एका रुग्णालयात पत्नीच्या उशाशी मी रात्री जागवीत होतो. ओठांवर अल्लाचे नाव, मनात मात्र हिशेब. आपले काम करून बाकी त्याच्यावर सोपवावे, याला आम्ही तवक्कुल म्हणतो. पन्नाशीतही ते मला जमेना.

हाताशी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' होती. १८९५मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई कोलमडल्या. पुढे नवऱ्याकडे राहायला गेल्या, तरी सोवळे पाळीत राहिल्या. जातिभेद माणसांचा, देवाचा नव्हे, हे एके दिवशी त्यांचे त्यांनाच उमगले. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिशी उलटल्यावर आलेला तो साधा भरवसा उसना नव्हता. पावलापावलाने कमावलेला होता.

पहाटे पुस्तक मिटले. पत्नी अजून झोपलेली होती. मी नमाजाला उभा राहिलो.