मेघदूताची चाल

(गणेशोत्सवातील व्याख्यान)

मंडळी, इंदूरहून उज्जैनला आपण सहज जाऊन येतो. कालिदासाचा यक्ष मात्र मेघाला विनवतो, वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी टाळू नकोस. पत्नीला निरोप पोचवायची घाई, आणि तरी हा वळसा! ही घाई आणि हे रेंगाळणं मेघदूताच्या वृत्तातच आहे.

शंभराहून अधिक श्लोक, सगळे मंदाक्रांतेत. ओळीत 17 अक्षरं. थांबे 4, 6 आणि 7 अक्षरांनंतर. पहिली चारही गुरू, म्हणजे पाऊल जड. मग पाच लघू भराभर निघतात आणि एका गुरूवर टेकतात. शेवटच्या सातांत लघू दोनच, तेही सुटे. ओळ झोका घेत उतरते. भरलेला ढग, वाऱ्याची झुळूक, पुन्हा संथपणा. मांडीवर बोटांनी ठोकून पाहा. मंगलाष्टकांतलं शार्दूलविक्रीडित आपल्या कानांत पक्कं असतं, पण त्यात असे सलग पाच लघू येत नाहीत.

यमक मात्र इथे नाही. आपल्या मराठी कानाला त्याची फार सवय. वामन पंडितांना तर लोक ‘यमक्या वामन’ म्हणत. चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके यांनी मेघदूत मराठीत आणलं. असं काव्य मराठीत आणताना यमक जुळवावं की नाही, हा प्रश्न येतोच. माझं मत विचाराल तर जुळवू नये. यमक जुळलं की दार लागल्यासारखं होतं, आणि यक्षाला तर बोलणं संपवायचंच नाही. अलकानगरीचं वर्णन करताना ‘जिथे… जिथे…’ अशा अर्थाचे शब्द तो पुन्हा पुन्हा आणतो. घरापासून लांब पडलेला माणूस असाच बोलतो; आपल्या घरांतले आजीआजोबा पुण्या-साताऱ्याबद्दल असंच बोलत.

आता काळजीची गोष्ट. आपली मुलं ‘मेघ’ शब्द मराठी-हिंदीच्या सवयीने ‘मेघ्’ असा तोडतात. बोलताना ते बरोबरच आहे. श्लोकात मात्र तो शेवटचा ‘अ’ पुरा म्हणावा लागतो, नाहीतर एक लघू गळतो आणि पाचांची धाव लंगडते. अर्थ पुस्तकात छापलेला मिळेल. ही धाव कानानेच उचलावी लागते, आणि ती शिकवणारी माणसं घरोघरी कमी होत चालली आहेत.

म्हणून आता पहिला श्लोक सगळे मिळून म्हणू. चारांवर थांबा, सहांवर थांबा. पेटीची गरज नाही.