गोरेपणा नको, सावली हवी

(मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर येथे बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. उन्हाचं क्रीम! ते शहरातल्या बायांचं, आपल्याला काय त्याचं? पण उन्हात असतं कोण? ज्वारी काढायला, एप्रिलात द्राक्षाची खरडछाटणी करायला, ऊस खुरपायला आपणच असतो. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही बाई रानातच असते. मग उन्हापासूनचा बचाव हा विषय तिचा नाही तर कोणाचा?

आधी ऊन म्हणजे काय ते बघू. उन्हाचा उजेड दिसतो, उष्णता जाणवते. तिसरी गोष्ट दिसतही नाही आणि जाणवतही नाही, ती म्हणजे अतिनील किरणं. त्यातली एक जात कातडी भाजते. दुसरी खोल जाऊन डाग आणि सुरकुत्या आणते. मोतीबिंदूचा धोकाही ह्या किरणांनी वाढतो. ह्यावर आपल्या कातडीनं स्वतःच उपाय केलेला आहे. कातडीतला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, ही तिनं उघडलेली छत्री आहे. ज्या रंगापायी मुलीला नकार येतात, हुंड्याचा आकडा वाढतो, तो रंग तिची राखण करत असतो.

मात्र ही छत्री पुरी पडत नाही. बाळंतपणाच्या काळात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे चेहऱ्यावर वांग येतात आणि उन्हानं ते वाढतात. अशा वेळी जोड देणारी दोन खनिजं आहेत: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. झिंक म्हणजे आपलं जस्त. खाजेवर लावायच्या गुलाबी कॅलामाइनमध्ये हेच झिंक ऑक्साइड असतं, गुलाबी रंग येतो तो चिमूटभर लोह ऑक्साइडमुळे. (म्हणून कोणी कॅलामाइन लावून उन्हात जाऊ नका. ते खाजेचं औषध आहे.) टायटॅनियम मिळतं ते किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून. अशी वाळू आपल्या रत्नागिरीतही आहे. त्या काळ्या वाळूपासून पांढरीशुभ्र भुकटी बनते. भिंतीच्या पांढऱ्या रंगात हीच भुकटी घालतात.

ह्या खनिजांचे बारीक कण कातडीच्या वर बसतात, बरीचशी अतिनील किरणं शोषून घेतात आणि थोडी परतवतात. झिंक दोन्ही जातींची किरणं अडवतं, टायटॅनियम मुख्यतः भाजणारी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये अशा सोळा द्रव्यांचा आढावा घेतला. तेव्हा सुरक्षित आणि परिणामकारक म्हणण्याइतका पुरावा ह्या दोन खनिजांचाच आहे, असं त्यांनी प्रस्तावात मांडलं. ती जखम नसलेल्या कातडीतून आत शिरत नाहीत. फक्त त्यांची भुकटी श्वासावाटे छातीत जाऊ देऊ नये, म्हणून फवारा टाळावा.

आता फसवणूक कुठे होते ते ऐका. कण जरा मोठे असले की सावळ्या कातडीवर पांढुरका थर दिसतो. 'लावताच उजळपणा' म्हणून जे विकलं जातं, ते पुष्कळदा एवढंच असतं. भिंतीला चुना दिला म्हणून वीट पांढरी होत नाही. तोंड धुतलं की थर गेला, आणि पैसेही गेले.

दुसरी फसवणूक जिवावरची आहे. पारा हेही खनिजच. पण जस्त छत्री धरतं, तर पारा आपली स्वतःची छत्री मोडतो. तो मेलॅनिन तयारच होऊ देत नाही. कातडी उजळते आणि पारा रक्तातून मूत्रपिंडापर्यंत जातो. अकोल्यात एकाच घरातल्या बायकांची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते उघड झालं आणि २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा चालत नाही, तोही नकळत आलेला. तरी बिननावाच्या डब्या बाजारात येतात. ज्या डबीवर घटक, कारखान्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ती घ्यायची नाही.

हा बाजार आपोआप उभा राहिला नाही. गोरेपणाचं क्रीम आपल्या देशात १९७५ पासून नाव कमावून आहे. १९९४ मध्ये दोन भारतीय मुली विश्वसुंदरी आणि जगतसुंदरी झाल्या. १९९६ मध्ये बंगळूरला जगतसुंदरी स्पर्धा भरली, तेव्हा स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. २०२० मध्ये त्या प्रसिद्ध क्रीमनं नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. नाव बदललं, पण मुलगी बघायला येणाऱ्यांची नजर बदलली का?

मग आपण हे उन्हाचं क्रीम घ्यावं का? जिला वांग आहेत, किंवा जिच्या लेकराच्या कातडीत जन्मतः रंगच नाही, तिनं डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावं. वांगासाठी लोह ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं क्रीम जास्त उपयोगी पडतं. पण हिशोबही करा. चेहरा आणि मानेला एका वेळी साधारण एक ग्रॅम लागतं, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. दिवसाचे चार ग्रॅम धरले तर पन्नास ग्रॅमची ट्यूब बारा दिवसांत संपते. मजुरीवर जगणाऱ्या बाईला हे परवडणार आहे का?

म्हणून मी म्हणते, आपली पहिली मागणी क्रीमची नको. डोक्यावरचा पदर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी हे जुनं शहाणपण आहेच. त्यापुढं जाऊन मागायचं आहे ते कामाच्या वेळेचं. उन्हाळ्यात पहाटे लवकर काम सुरू व्हावं, दुपारी बारा ते तीन सुट्टी असावी आणि मजुरी कापली जाऊ नये. बांधावर सावली आणि पाणी असावं. रोजगार हमीच्या कामावर सावली आणि पाणी मिळावं हे २००५ च्या कायद्यात लिहिलं गेलं होतं. मग बागायतदाराच्या रानात ते का नको?

ह्या महिन्यात प्रत्येक गटानं दोन कामं करावीत. घरातल्या डब्या एकत्र आणून त्यांवरचं लेबल सगळ्यांनी मिळून वाचायचं. आणि उन्हाळ्यातल्या वेळेविषयी गावातल्या बागायतदारांकडे एकत्र जायचं. एकटी गेली तर तिला कामावरून काढतील. चाळीसजणी गेलो तर छाटणी कोण करणार?