फिले: आयरिश कवीचं नाव



आयरिश भाषेत कवीला ‘फिले’ म्हणतात. मुळात याचा अर्थ ‘ज्याला दिसतं तो’, द्रष्टा. आयरिशची बहीण वेल्श. तिच्यात ‘ग्वेलेद’ म्हणजे पाहणं. दोन्ही शब्द एकाच धातूचे. आयर्लंडमध्ये पूर्वी दगडांच्या कडेवर रेघा कोरून लिहीत. त्या लिपीचं नाव ओघम. केरी परगण्यातल्या अशा एका दगडावर ‘वेलितास’ असं रूप आहे, म्हणजे ‘कवीचा’. पुढे शब्दारंभीच्या ‘व’चा आयरिशमध्ये ‘फ’ झाला. संस्कृतातल्या ‘वीर’चा भाऊबंद तिथे ‘फॅर’ होतो तो याच नियमानं, अर्थ पुरुष.

आणि ‘वेलितास’मधला तो ‘त’? प्राचीन आयरिशमध्ये प्रथमेत ‘फिली’ आणि षष्ठीत ‘फिलेद’, तिथे तो ‘द’ होऊन उमटतो. ‘राजा’मध्ये न दिसणारा ‘न’ जसा ‘राजानम्’मध्ये उमटतो, तसंच हे.

आजच्या आयरिशची तऱ्हा मात्र आपल्याला चकित करणारी. आपण ‘कवी’ला शेवटी ‘चा-ची-चे’ लावतो. तिथे शब्दाची सुरुवातच बदलते. कवीची कविता म्हणजे ‘दॉन अन इले’. ‘फ’ ऐकूच येत नाही! लिहिताना तो राहतो, फक्त पुढे ‘एच’ हे अक्षर येतं. जुन्या छपाईत त्याऐवजी डोक्यावर टिंब देत. ‘कवींची’ म्हणायचं तर ‘ना विली’: आता ‘फ’च्या जागी ‘व’.

या शब्दाला समाजात फार मोठं वजन होतं. फिलेंच्या सात पायऱ्या होत्या. सर्वांत वरचा ‘ओलव’. जुन्या कायद्यात त्याची प्रतिष्ठा छोट्या राजाच्या बरोबरीची धरली आहे. त्याच्या निंदाकाव्याला सरदार घाबरत. पुढच्या काळातल्या काव्यशाळांत विद्यार्थी अंधाऱ्या खोलीत पडून मनातल्या मनात कविता रचत आणि दिवे आल्यावरच उतरवून काढत, असं अठराव्या शतकातलं वर्णन आहे. ते वाचून माझं मन फार हेलावतं. 1601 साली किन्सेलच्या लढाईत आयरिश सरदार हरले, 1607 मध्ये त्यांतले बडे देश सोडून गेले, आणि कवींचा आश्रयच तुटला.

शब्द टिकला. व्याकरणात तो पुल्लिंगी; स्त्री असेल तर आधी ‘बान’ जोडून ‘बानिले’ म्हणतात, ‘फ’ पुन्हा मुका. पण नुआला नी गोनल यांच्यासारख्या आजच्या कवयित्रीला नुसतं ‘फिले’ म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.